डब्याच्या ॲपचा एक स्क्रीन: लेआउट एडिटरमध्ये मांडणी बांधायची रीत

रविवारी सकाळी इंदूरच्या लोकमान्य नगरात माझ्याकडे आठ-दहा जण अँड्रॉइड शिकायला येतात. पोहे-जिलबी आटोपून लॅपटॉप उघडले की तासाभरात एक हाक हमखास येते: “भिया, बटण कुठे गेलं?” एडिटरमध्ये बटण खाली, बरोबर मध्यभागी असतं. ॲप फोनवर चालवलं की तेच बटण वर डाव्या कोपऱ्यात, शीर्षकाच्या अंगावर चढून बसलेलं.

यांतले बरेच जण कोरलड्रॉवर लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करून इकडे वळलेले. फ्लेक्समध्ये वस्तू जिथे ठेवली तिथेच राहते, कारण फ्लेक्सचं माप आधीच ठरलेलं असतं. फोनचं तसं नाही. कुणाचा स्क्रीन अरुंद, कुणाची अक्षरं मोठी, कुणाचा फोन हिंदीत. त्यामुळे इथे वस्तू ठेवायची नसते, कशाला तरी बांधायची असते. हा एक फरक हाताला कळला नाही की पुढची सगळी धडपड उलटीच होते.

उदाहरणाला एकच स्क्रीन घेऊ. भंवरकुआच्या आसपास खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांना डबा पोचवणाऱ्या एखाद्या काकूंचं ॲप, आणि त्यातलं ‘आजचा डबा’ हे पान. त्यावर तारीख, डब्याचा फोटो, मेनू, हाफ की फुल, पत्ता, स्वयंपाकासाठी सूचना आणि ऑर्डरचं बटण. अवजार म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओतला लेआउट एडिटर आणि त्यातला कन्स्ट्रेंट लेआउट, म्हणजे बंधनांवर चालणारी मांडणी. एडिटरमधली नावं इंग्रजीत दिसतात. इथे ती आपण उच्चारतो तशी लिहिली आहेत.

१. एडिटर उघडण्याआधी: कागद, बाण आणि लांब मजकूर

वहीचं पान उभं धरा आणि स्क्रीन पेन्सिलीने काढा. चित्र सुंदर नको. प्रत्येक वस्तूपासून दोन बाण मात्र हवेत: एक आडवा, एक उभा. आडवा बाण सांगतो की ही वस्तू डावी-उजवीकडे कुणाला धरून आहे. उभा सांगतो की वर किंवा खाली कुणाला. मेनूचा उभा बाण फोटोच्या खालच्या कडेला, पत्त्याचा मेनूच्या खालच्या कडेला, असं. ज्या वस्तूचा बाण काढता येत नाही, तिची जागा तुम्ही अजून ठरवलेलीच नाही. बाण पूर्ण झाल्याशिवाय माउसला हात लावायचा नाही, असा माझ्याकडे नियम आहे. मुलं कुरकुरतात.

मग खरा मजकूर लिहा, आणि तोही सगळ्यात लांब. मेनू ‘पिठलं-भाकरी’ धरून मांडणी केली, तर ‘भरली वांगी, मटकीची उसळ, ४ पोळ्या, वरण-भात, कोशिंबीर, लोणचं’ आलं की दाणादाण. पत्त्याचं तर विचारूच नका. आपल्याकडचा पत्ता म्हणजे अर्धी वाट सांगणं: ‘तिसरा मजला, पाण्याच्या टाकीच्या मागची गल्ली, पिवळ्या गेटच्या शेजारी, जिन्याखालची बेल वाजवणे’. हा पत्ता बसला तर बाकीचे बसतात.

तिसरं काम म्हणजे या पानाच्या अवस्था लिहून काढणं. रोजचा दिवस ही एक. एकादशी-चतुर्थीला ‘उपासाचा डबा’ अशी जास्तीची ओळ येते, ही दुसरी. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, असते, गावात डबा फिरवणार कोण, त्या दिवशी ‘आज बंद’ ही तिसरी. डबे संपले ही चौथी, नेट नाही ही पाचवी. पाचही अवस्था एकाच कागदावर, शेजारीशेजारी.

*तपासा:* कागद दुसऱ्याच्या हातात द्या. ‘उपासाची ओळ नसेल तेव्हा पत्ता कुठे सरकेल?’ याचं उत्तर त्याला बाण बघून देता यायला हवं.

२. प्रकल्प आणि टेबल लावून घेणं

नवा प्रकल्प काढताना ‘एम्प्टी व्ह्यूज ॲक्टिव्हिटी’ निवडा. नुसती ‘एम्प्टी ॲक्टिव्हिटी’ निवडलीत तर कंपोज, म्हणजे मांडणी सरळ कोडमध्ये लिहायच्या, पद्धतीचा प्रकल्प मिळतो. त्यात लेआउटची एक्सएमएल फाइल, म्हणजे मांडणी लिहून ठेवणारी फाइल, नसतेच, मग वस्तू ओढून आणायच्या तरी कुठे? दर बॅचला दोघे-तिघे इथेच अर्धा तास घालवतात.

लेआउटची फाइल उघडल्यावर वर उजवीकडे कोड, स्प्लिट आणि डिझाइन असे तीन पर्याय असतात. शिकताना स्प्लिट ठेवा. ओढलेल्या प्रत्येक वस्तूचं एक्सएमएल शेजारी बदलताना दिसतं आणि पुढे बिघाड शोधायला तीच सवय कामी येते. डावीकडे पॅलेट (ओढायच्या वस्तू) आणि त्याखाली कंपोनंट ट्री (पानावरच्या वस्तूंची यादी), उजवीकडे ॲट्रिब्यूट्स (निवडलेल्या वस्तूचे गुण). नवखा माणूस सगळा वेळ मधल्या चित्रावर घालवतो. सरावाचा माणूस ट्रीवर, कारण एकावर एक आलेल्या वस्तूंतली नेमकी हवी ती चित्रात पकडता येत नाही, ट्रीमध्ये येते.

दोन गोष्टी आधीच करा. चुंबकाच्या चिन्हाचं ऑटोकनेक्ट बंद आहे ना ते पाहा. चालू असलं तर वस्तू सोडल्या सोडल्या ती जवळच्या कशालाही स्वतःच बांधून घेते. त्याच पट्टीवर जादूच्या कांडीचं ‘इन्फर कन्स्ट्रेंट्स’ असतं. ते तुमच्या मनातलं नातं ओळखत नाही, सध्याच्या जागेवरून अंदाज बांधतं. पहिले सहा महिने त्याला हात लावू नका.

दुसरं, वर फोन निवडताना ३६० डीपी रुंदीचा निवडा. डीपी म्हणजे १६० घनतेच्या (इंचाला १६० पिक्सेल) पडद्यावरचा एक पिक्सेल. पडद्याचे पिक्सेल गुणिले १६०, भागिले घनता, असा हिशेब. १०८० पिक्सेल रुंद आणि ४८० घनतेचा फोन म्हणजे ३६० डीपी. दोन्ही कडांना १६ सोडले की हातात राहतात ३२८. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. हाफ-फुलची बटणं याच हिशेबात बसवायची आहेत.

३. मजकूर आधी स्ट्रिंग्ज फाइलमध्ये

वस्तू ओढायच्या आधी पानावरचे सगळे शब्द स्ट्रिंग्जच्या फाइलमध्ये घाला. मूळ ‘व्हॅल्यूज’ फोल्डरमध्ये एक भाषा संपूर्ण, आणि मराठी-हिंदीसाठी वेगळे फोल्डर. ट्रान्सलेशन्स एडिटरमध्ये तिन्ही भाषा शेजारीशेजारी दिसतात. मूळ फोल्डरमधली एखादी ओळ राहून गेली आणि फोन चौथ्याच भाषेत असला, तर ॲप तिथे कोसळतं.

संख्येबरोबर येणारे शब्द ‘प्लुरल्स’मध्ये घाला: १ डबा, २ डबे. मराठी आणि हिंदी दोन्हींना ‘वन’ आणि ‘अदर’ असे दोन प्रकार पुरतात. पण हिंदीत शून्य हे ‘वन’मध्ये मोडतं, म्हणून ‘वन’च्या ओळीत आकडा हाताने ‘१’ लिहू नका. त्याची जागा मोकळी सोडा, नाहीतर रिकाम्या टोपलीत हिंदी फोनवर एक टिफिन दिसेल.

४. सांगाडा: आधी खांब, मग भिंती

सगळ्यात बाहेरचा कन्स्ट्रेंट लेआउट साच्यातून आलेला असतो आणि त्याची ओळख ‘मेन’ अशी असते. ती बदलू नका, पुसूही नका. साच्यातला कोड याच नावाने त्याला शोधतो. लेआउट पुसून नवा टाकलात तर तेच नाव परत द्या.

ओढायचा क्रम असा:

पहिलं, ऑर्डरचं बटण. खालची कड पालकाच्या, म्हणजे ज्याच्या पोटात ती वस्तू आहे त्या लेआउटच्या, खालच्या कडेला, दोन्ही बाजू पालकाच्या बाजूंना, अंतर १६.

दुसरं, स्क्रोलव्ह्यू, म्हणजे बोटाने वर-खाली सरकणारा भाग. वरची कड पालकाला, खालची कड बटणाच्या वरच्या कडेला, उंची ० डीपी (म्हणजे बंधनांमधली सगळी जागा). हे चुकण्याचं प्रमाण फार आहे. उंची ‘रॅप कंटेंट’ (मजकुराएवढी) ठेवली की मजकूर वाढल्यावर स्क्रोलव्ह्यू बटणाच्या मागे घुसतो आणि शेवटची ओळ कायमची झाकली जाते.

तिसरं, स्क्रोलव्ह्यूच्या आत एकच कन्स्ट्रेंट लेआउट. एकच, कारण स्क्रोलव्ह्यूला एकापेक्षा जास्त अपत्य चालत नाही. त्याची उंची ‘रॅप कंटेंट’. फोटो, मेनू, पत्ता, सगळं याच्या पोटात.

चौथं, आतल्या लेआउटमध्ये दोन उभ्या गाइडलाइन्स (फोनवर न दिसणाऱ्या आधाररेषा): एक सुरुवातीपासून १६ वर, दुसरी शेवटापासून १६ वर. गाइडलाइनच्या टोकाच्या चिन्हावर क्लिक केलं की ती सुरुवात, शेवट आणि टक्केवारी यांत फिरते.

*सावधान:* वस्तू फक्त आपल्या पालकाला किंवा सख्ख्या भावंडांना बांधता येते, चुलत्याला नाही. आतला मेनू बाहेरच्या बटणाला बांधायचा प्रयत्न कराल, तर बाण तिथपर्यंत जाणारच नाही. ‘एडिटर बिघडला’ म्हणून स्टुडिओ पुन्हा टाकणारे मी पाहिले आहेत. एडिटर ठीक असतो, गाइडलाइन चुकीच्या लेआउटमध्ये पडलेली असते. ट्रीमध्ये बघा, लगेच कळतं.

प्रत्येक वस्तूला सोडताक्षणी ओळखीचं नाव द्या: बटण-ऑर्डर, टेक्स्ट-मेनू, इमेज-डबा अशा अर्थाचं. ‘टेक्स्टव्ह्यू ७’ नंतर कुणालाही आठवत नाही. नाव बदलायचंच झालं तर रिफॅक्टर वापरा, हाताने खोडून लिहिलं की कोडमधला दुवा तुटतो.

५. बांधणी

बटण पळतं ते इथे. कन्स्ट्रेंट लेआउटमधल्या प्रत्येक वस्तूला निदान एक आडवं आणि एक उभं बंधन लागतं. आडवं नसलं तर वस्तू डावीकडच्या कडेला जाते, उभं नसलं तर वर. दोन्ही नसली की कोपऱ्यात. मग एडिटरमध्ये ती जागेवर का दिसते? कारण एडिटर तुमच्या सोयीसाठी तिची जागा ‘टूल्स’च्या एका नोंदीत लिहून ठेवतो. ती नोंद एडिटरपुरती; फोनवर जाताना गळून पडते. कोडमध्ये ‘लेआउट एडिटर ॲब्सोल्यूट एक्स’ किंवा ‘वाय’ दिसलं की समजा, ही वस्तू अजून मोकळी आहे.

बंधन घालायला वस्तूच्या कडेवरच्या गोल टिंबातून ओढून दुसऱ्या वस्तूच्या टिंबावर सोडा. एडिटर ‘लेफ्ट-राइट’ विचारत असेल तरी ‘स्टार्ट-एंड’च निवडा. चुकलेलं बंधन काढायला त्या रेषेवर क्लिक करून डिलीट. ‘क्लिअर ऑल’ दाबून सगळं पुसून पुन्हा सुरू करणं हा आळस आहे, आणि त्यात बरोबर असलेलंही जातं.

आता आकार. ॲट्रिब्यूट्समध्ये वर एक चौकोन दिसतो, त्याच्या आतल्या रेषांवर क्लिक करत गेलं की तीन प्रकार फिरतात: ठरलेलं माप, मजकुराएवढं आणि बंधनाएवढं. बंधनाएवढं म्हणजेच कोडमधलं ० डीपी. शून्य बघून लोक घाबरतात. शून्याचा अर्थ इथे ‘दोन्ही बाजूंच्या बंधनांत जेवढी जागा आहे तेवढी घे’ असा आहे. मेनू, पत्ता आणि सूचना यांची रुंदी ० डीपी, उंची मजकुराएवढी. मेनूची रुंदी चुकून मजकुराएवढी राहिली तर लांब ओळ दोन्ही गाइडलाइन्स ओलांडून स्क्रीनबाहेर जाते, बंधनं असूनही. आणि ‘मॅच पेरेंट’ (पालकाएवढं) या लेआउटच्या अपत्यांना वापरू नका, तो बंधनांना जुमानत नाही.

फोटोची दोन्ही मापं ० डीपी करून चौकोनाच्या कोपऱ्यावर क्लिक केलं की प्रमाण लिहिता येतं, १६:९ ठेवा. काकूंनी उभा फोटो पाठवला तरी मांडणी हलणार नाही, ‘स्केल टाइप’ ‘सेंटर क्रॉप’ असला तर फार तर वांग्याचं डोकं कापलं जाईल.

हाफ आणि फुल ही दोन बटणं साखळीने जोडायची. दोन्ही निवडा, उजवी क्लिक, चेन्स, आडवी साखळी. मग दोन टोकं गाइडलाइन्सना. दोन्हींची रुंदी ० डीपी, मध्ये ८ अंतर. ३२८ मधून ८ गेले, उरलेल्या ३२० चे दोन भाग, प्रत्येकी १६०. ३२० डीपीच्या छोट्या फोनवर हेच गणित १४० वर येतं. ‘फुल डबा ₹१२०’ एवढ्यात बसतं की नाही ते पुढे तपासूच. साखळी तेव्हाच साखळी असते जेव्हा बंधन दोन्हीकडून असतं: हाफचा शेवट फुलच्या सुरुवातीला आणि फुलची सुरुवात हाफच्या शेवटाला. एकच बाजू बांधली तर दुसरं बटण आपल्या मर्जीने कुठेतरी बसतं.

बटणांची उंची ठरलेली देऊ नका. ‘मिनिमम हाइट’ ४८ डीपी द्या. बोटाला निदान ४८ बाय ४८ लागतात. हे काही सजावटीचं माप नाही. पोळीचं पीठ लागलेल्या हाताने काकूसुद्धा हे ॲप दाबणार आहेत.

*तपासा:* ट्रीमध्ये एकही लाल उद्गारचिन्ह उरलेलं नको. पिवळी वाचून पाहा, लालशी तडजोड नाही.

६. लपणाऱ्या ओळी आणि बॅरिअर

कागदावरची दुसरी अवस्था आठवा: मेनू आणि पत्ता यांच्या मधली उपासाची ओळ. पत्ता आता मेनूऐवजी तिलाच बांधलेला. रोज ती ‘गॉन’ असते. गॉन झालेली वस्तू शून्य मापाची होते, तिची स्वतःची अंतरंही शून्य होतात. तिला बांधलेल्या वस्तू मात्र तिला धरूनच राहतात. त्यामुळे पत्ता वर सरकून मेनूला चिकटू शकतो. उपाय पत्त्यावर करायचा: ‘गॉन मार्जिन टॉप’ ठेवा, उदाहरणार्थ १६. वरची वस्तू गायब असेल तेव्हाच हे अंतर लागू होतं. ‘इनव्हिजिबल’ वेगळं, त्यात वस्तू दिसत नाही पण जागा अडवून बसते.

बॅरिअर लागतो तो ‘पत्ता:’, ‘वेळ:’, ‘सूचना:’ अशा मथळ्यांच्या ओळींना. मराठीत ‘सूचना’ लांब, हिंदीत दुसराच शब्द लांब, आणि समोरच्या रकान्यांची सुरुवात तर एका रेषेत हवी. बॅरिअर टाका, ट्रीमध्ये तिन्ही मथळे ओढून त्यात सोडा, दिशा स्वतः ‘एंड’ निवडा. आता तिघांतला जो जास्त पसरेल त्याच्या कडेवर ही अदृश्य भिंत उभी राहते. समोरचे रकाने मथळ्यांना नाही, भिंतीला बांधा. मथळा आणि त्याच्यासमोरचा मजकूर एका रेषेत बसवायचा तर कडा जुळवू नका, बेसलाइन (मजकुराची आधाररेषा) जुळवा. वस्तूवर उजवी क्लिक केली की ‘शो बेसलाइन’ मिळतं.

एडिटरमध्ये दाखवण्यापुरता खोटा मजकूर हवा असेल तर तो ‘टूल्स टेक्स्ट’मध्ये लिहा, नेहमीच्या ‘टेक्स्ट’मध्ये नाही. टूल्समधलं फोनवर जात नाही. ‘टेक्स्ट’मध्ये गमतीने लिहिलेलं ‘इथे काकू काहीतरी लिहितील’ हे मी एकदा खुद्द गिऱ्हाइकाच्या फोनवर वाचलं आहे. स्क्रीन माझाच होता.

७. देवनागरीची खोड

इंग्रजी नमुने बघून शिकणाऱ्यांना हा भाग कुठे मिळत नाही, म्हणून जरा थांबून.

देवनागरीला वरही जागा लागते, खालीही. ‘र्की’, ‘ट्ठू’, ‘ट्रें’ असली अक्षरं इंग्रजी ओळीच्या मापात मावत नाहीत. मजकुराच्या वस्तूला ठरलेली उंची दिली की आधी रफार आणि अनुस्वार कापले जातात, मग उकार. ‘इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग’ (अक्षरांच्या वर-खाली ठेवलेली जास्तीची जागा) बंद करा असा सल्ला वाचायला मिळेल. तो आपल्यासाठी नाही, चालूच राहू द्या. ओळींमधलं अंतर वाढवायचं तर ‘लाइन स्पेसिंग मल्टिप्लायर’ १.१ ते १.२ पुरतो.

दुसरी खोड अक्षरांमधल्या अंतराची. ‘लेटर स्पेसिंग’ वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि ‘ऑर्डर करा’ हे गळ्यातल्या मण्यांसारखं सुटंसुटं दिसतं. तुम्ही काहीच केलं नसतानाही हे होऊ शकतं. गूगलच्या मटेरियल या साच्याच्या जुन्या थीममधल्या बटणाच्या शैलीत हे अंतर मुळातच घातलेलं आहे. बटणाच्या शैलीत ते शून्य करा. ‘ऑल कॅप्स’ही तिथेच बंद करा, मराठीला त्याने काही होत नाही, पण बटणावर इंग्रजी शब्द आला की तो ओरडायला लागतो.

तिसरी खोड आकड्यांची, आणि ती दिसते मांडणीत पण बाधते कोडमध्ये. फोन मराठीत असेल तर ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ने बनवलेला आकडा ‘१२०’ असा येतो, हिंदीत असेल तर साधारणपणे इंग्रजी आकड्यांत. पडद्यावर हे छान. पण तोच फॉरमॅट केलेला मजकूर सर्व्हरला पाठवलात तर सर्व्हरला तो आकडा वाटेलच असं नाही. दाखवायचा आकडा आणि पाठवायचा आकडा वेगळे बनवा. पाठवायच्याला ‘लोकेल रूट’, म्हणजे कुठल्याही भाषेशी न बांधलेली मांडणी, द्या.

मजकुराचं माप नेहमी एसपीमध्ये, बाकी सगळं डीपीमध्ये. एसपी वापरणाऱ्याच्या अक्षर-मापाप्रमाणे वाढतं. ‘मांडणी मोडते’ म्हणून मजकुरालाही डीपी देणारे आहेत. अशानं चष्म्याच्या आजोबांनी मोठी केलेली अक्षरं नेमकी तुमच्याच ॲपमध्ये बारीक राहतात.

रंगाबद्दल एवढंच: साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ ला १ असा उठाव हवा, मोठ्या ठळक अक्षरांना ३ ला १. चटक केशरीवर पांढरी अक्षरं आपल्याला फार आवडतात. ती यातलं काहीच गाठत नाहीत. केशरी ठेवा, अक्षरं गडद करा.

८. यादीचं पान असेल तर

‘मागच्या ऑर्डरी’सारखी यादी रीसायकलरव्ह्यूमध्ये (दिसतील तेवढ्याच ओळी तयार करणाऱ्या यादीच्या वस्तूत) जाते, आणि एका ओळीची मांडणी वेगळ्या फाइलमध्ये. त्या फाइलच्या बाहेरच्या लेआउटची उंची ‘रॅप कंटेंट’ हवी. ती ‘मॅच पेरेंट’ राहिली की एक ऑर्डर संपूर्ण स्क्रीन व्यापते आणि पुढची बघायला पानभर सरकावं लागतं. पोरं म्हणतात, एकच ऑर्डर येतेय, डेटाबेस बिघडला. एडिटरमध्ये यादी भरलेली दिसायला ‘टूल्स लिस्ट आयटम’मध्ये ओळीची फाइल द्या. रीसायकलरव्ह्यू स्क्रोलव्ह्यूच्या पोटात घालू नका. मग तो सगळ्या ओळी एकदम तयार करतो आणि त्याचा उपयोगच संपतो.

९. कडा आणि कीबोर्ड

ॲपचा टार्गेट एसडीके (ॲप ज्या अँड्रॉइडसाठी बनवलं तो क्रमांक) ३५ किंवा जास्त असेल तर अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या फोनवर तुमचा लेआउट वरच्या घड्याळाच्या पट्टीखाली आणि खालच्या नेव्हिगेशनच्या पट्टीखालीसुद्धा पसरतो. नव्या साच्यात ‘मेन’ला त्या पट्ट्यांएवढं पॅडिंग देणारा कोड तयार येतो. जुन्या प्रकल्पात तो नसतो. तिथे तारीख घड्याळावर छापल्यासारखी दिसली की कारण हेच.

साच्यातला कोड फक्त ‘सिस्टिम बार्स’ मोजतो, कीबोर्ड नाही. सूचनेच्या रकान्यावर बोट ठेवलं, कीबोर्ड वर आला आणि ऑर्डरचं बटण झाकलं गेलं, तर त्या कोडमध्ये ‘सिस्टिम बार्स’सोबत ‘आयएमई’ (म्हणजे कीबोर्ड) हा प्रकारही जोडा, आणि मॅनिफेस्ट या ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये ‘ॲडजस्ट रिसाइझ’ ठेवा. सूचनेच्या रकान्याचा इनपुट प्रकार बहुओळी, फोन नंबरचा ‘फोन’. एवढ्याने योग्य कीबोर्ड आपोआप येतो.

१०. फोनवर नेण्याआधीची फेरी

उजवीकडचं ‘लेआउट व्हॅलिडेशन’ उघडा. तिथे एकच पान वेगवेगळ्या आकारांच्या पडद्यांवर शेजारीशेजारी दिसतं; वरच्या यादीतून फॉन्ट साइझेस आणि कलर ब्लाइंड हे पर्यायही निवडून बघा. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात, तेव्हा तपासणीही तिथपर्यंत. हाफ-फुलची बटणं बहुतेक इथेच हार मानतील. तसं झालं तर किंमत दुसऱ्या ओळीत जाऊ द्या. उंची मोकळी सोडली आहे ती यासाठीच.

मग डिझाइनच्या पट्टीवरून भाषा बदलून मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही बघा. त्यानंतर ‘ओ’ ही कळ दाबून स्क्रीन आडवा करा. आडव्यात १६:९ चा फोटो सगळी उंची खाऊन टाकतो, त्यामुळे आडव्यासाठी वेगळी मांडणी काढा: फोटो डावीकडे, बाकी उजवीकडे. ‘क्रिएट लँडस्केप क्वालिफायर’ने तिची प्रत तयार होते. दोन्ही फाइलींत वस्तूंची नावं तीच राहिली पाहिजेत. एका फाइलमध्ये नसलेली वस्तू कोडने शोधली की फोन आडवा करताच ॲप बंद पडतं.

फोटोला आणि चिन्हांच्या बटणांना ‘कंटेंट डिस्क्रिप्शन’ लिहा, तेही स्ट्रिंग्जमधून. ‘इमेज’ असं लिहू नका. ‘आजच्या डब्याचा फोटो’ असं लिहा. ज्यांना दिसत नाही त्यांना फोनमधला टॉकबॅक ते वाचून दाखवतो.

शेवटची फेरी खऱ्या फोनवर, आणि तो फोन तुमचा नको. घरातल्या कुणाचा तरी, भाषा मराठी, अक्षरं मोठी, काचेला तडा गेलेला असेल तर उत्तमच. कागदावरच्या पाचही अवस्था एकेक करून त्यावर आणा. प्रत्येक अवस्थेत बटण कुठे आहे ते बघा आणि कागदावर टिचकी मारा. माझ्याकडे हा फोन म्हणजे आईचा. तिनं मागच्या बॅचच्या एका पानावर विचारलं होतं, “अरे, यात ‘नको’ म्हणायचं बटण कुठंय?” ते कागदावरही नव्हतं.